पाण्याला जागा हवी

शास्त्रपाठ : मार्क ६:३०-४६, निर्गम १८:१३-२३, लूक १०:३८-४२



२०२४ च्या ऑगस्टअखेर वडोदऱ्यात विश्वामित्रीला आलेला पूर येथील लोक सहसा विसरणार नाहीत. ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि शहरातून वळणे घेत पुढे जाते. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पाहिलेच तर मगर दिसते का म्हणून पुलावर क्षणभर थांबून. त्या आठवड्यात मात्र ती धोक्याची पातळी ओलांडून वस्त्यांत शिरली. तळमजल्यावरच्या लोकांना सामान टाकून वर धाव घ्यावी लागली. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या गाद्या आणि कपाटे दाराबाहेर आली.

पाऊस जबर होता, हे खरेच. पण नदीची माहिती असलेले लोक आणखी एक गोष्ट सांगतात. विश्वामित्रीच्या दोन्ही अंगांना घळी आहेत. इकडे त्यांना कोतर म्हणतात. पाणी चढू लागले की आधी ते या कोतरांत पसरते, तेथे थांबते आणि नदी उतरली की हळूहळू परत फिरते. शहरातील तलावही हेच काम करीत. पण कोतर म्हणजे दिसायला ओसाड जमीन. ना शेत, ना घर. तेव्हा कोठे भराव पडला, कोठे राडारोडा टाकला गेला, कोठे इमारत उभी राहिली. पाणी आले तेव्हा त्याला थांबायला जागाच उरली नाही, आणि ते माणसांच्या घरात आले.

आपल्या घरांतून हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते : “आता पाणी डोक्यावरून चालले आहे.” हे म्हणणारा मनुष्य आळशी नसतो. त्याला पाळीची नोकरी असते, घराचा हप्ता असतो, मुलांच्या शिकवण्या असतात, गावाकडे म्हातारी आई असते, आणि खिशातला फोन दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारीत असतो. तो प्रार्थना करतो, “प्रभो, मला शांती दे.” जरूर करावी. पण आपण केवळ पाऊस कमी कर एवढेच मागतो काय, आणि आपली कोतरे आपल्याच हाताने बुजवीत राहतो काय, हेही पाहावयास हवे. जेवणानंतर ओट्यावर बसण्याची पंधरा मिनिटे, बसची वाट पाहण्याचा वेळ, रविवारची दुपार, ही सारी वरवर निरुपयोगी जमीन होती. दिवसभराचे पाणी तेथे पसरत असे. आता तेथे आपण काही ना काही उभारले आहे.

मार्काच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने वाचावा. बारा शिष्य सेवेहून परतले आहेत. काय केले, काय शिकवले, सारे सांगावयाचे आहे. त्याच सुमारास बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची वार्ता येऊन गेलेली आहे. माणसांची ये-जा इतकी की, दोन घास खाण्यासही वेळ मिळू नये. प्रभू त्यांना आणखी कामास जुंपत नाही. माणसांपासून दूर जाऊन जरा विसावा घेण्यास सांगतो. ही सेवेतील माणसांना केलेली आज्ञा आहे. कामचुकारांना दिलेली सवलत नव्हे.

आणि मग काय होते? लोक पायी धावत जाऊन त्यांच्या आधीच त्या ठिकाणी पोहोचतात! गृहिणींना हे निराळे सांगावयास नको. चुलीपासून उठून जरा पाठ टेकावी तो दारावरची घंटा वाजते. प्रभू त्या समुदायावर चिडत नाही, त्याला कळवळा येतो. तो शिकवतो, जेवू घालतो, तेही पन्नास-पन्नास, शंभर-शंभरांच्या पंक्ती करून. धावत आलेली गर्दी हिरवळीवर ओळीने बसते. पण गोष्ट येथे संपत नाही, आणि पुष्कळ प्रवचनांत (आम्ही ऐकलेल्या तरी) पुढचे वचन सुटून जाते. टोपल्या भरल्यावर प्रभू शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवतो, स्वतः लोकांना निरोप देतो आणि प्रार्थनेस डोंगरावर जातो. सकाळी गेलेला एकांत तो संध्याकाळी परत घेतो. सर्व आजारी बरे झाले, सर्वांचे प्रश्न संपले, म्हणून त्याने निरोप दिला असे नाही. निरोप देणे हेही त्याच्या सेवेत बसत होते.

आपल्या मंडळ्यांनीही हे वाचून थोडे अंतर्मुख व्हावे. प्रभूचा दिवस विसाव्यासाठी दिला आहे असे आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि त्याच दिवशी सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना, मग पंच कमिटी, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी तरुण संघ अशी रांग लावतो. कित्येक पाळकांच्या घरी रविवारी धड जेवण होत नाही. हा भरावच आहे, मग तो पवित्र मातीचा का असेना.

पुरात आणखी एक गोष्ट दिसते. भराव पडतो एका ठिकाणी आणि पाणी शिरते दुसऱ्याच्या घरात, बहुधा सखल भागातल्या गरिबाच्या. घरातही तसेच घडते. कर्त्या पुरुषाला संध्याकाळी शांतता मिळते, वर्तमानपत्र मिळते, चहा हातात येतो. ते सारे पाणी वाहून कोणाच्या अंगावर गेले, हे पाहण्यास त्याने एकदा स्वयंपाकघरात डोकवावे. मार्थेची गोष्ट आपण मार्थेला समज देण्यासाठी फार वापरली आहे. तिची तक्रार नीट वाचली तर ती स्वयंपाकाबद्दल नाही, एकटीवर काम पडल्याबद्दल आहे. प्रभूने तिला प्रेमाने दोनदा नावाने हाक मारली, आणि पुष्कळ गोष्टींची दगदग सोडून अगत्याच्या एका गोष्टीकडे तिचे लक्ष वळवले. आता जी बहीण चार घरची धुणीभांडी करून, परतल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करते, तिला आपण उपदेश करावा की “बाई, मरियेसारखी शांत बस”? तो उपदेश नव्हे, निष्ठुरपणा आहे. तिच्यासाठी निर्गमाचा अठरावा अध्याय आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसला, तेव्हा सासरा इथ्रो याने त्याला अधिक श्रद्धा ठेव असे सांगितले नाही. हे बरे नव्हे, तू झिजून जाशील आणि लोकही झिजतील, असे सांगून त्याने माणसे वाटून घ्यायला लावली : हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर.

ओझे कमी करताना काय ठेवावे, काय सोडावे, हा प्रश्न येतोच. ३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात असाच प्रचंड पाऊस झाला होता. त्या पुरात एका पोलीस फौजदाराने दीड महिन्याच्या मुलीला प्लास्टिकच्या टबात ठेवले, टब डोक्यावर घेतला आणि खोल पाण्यातून तो चालत बाहेर आला. ते छायाचित्र देशभर गाजले. लव्हाळ्याच्या पेटाऱ्यातील बाळ मोशे अनेकांना आठवला असेल. त्या घरात दुसरे सामान नव्हते काय? असेलच. पण डोक्यावर एकच वस्तू नेता येणार होती, आणि ती कोणती हे त्या वेळी कोणाला विचारावे लागले नाही.

पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात वडोदरा महापालिकेने विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. उन्हाळ्यातच, कारण पूर आल्यावर खोदाई करता येत नाही. तेव्हा वाचकहो, आजार, मृत्यू किंवा नोकरीवरचे संकट घरी आल्यावर “आता रोज प्रार्थनेस बसू” असे ठरवू नका. त्या दिवसांत बसवत नाही. साध्या दिवसांतच एखादी जागा मोकळी करा. रात्रीच्या जेवणापासून घरच्या प्रार्थनेपर्यंत सर्वांचे फोन कपाटात राहू देत, वडीलधाऱ्यांचेसुद्धा. रविवारच्या सभांपैकी एक सभा पंचांनी उठवून टाकावी. कोणती, यावर वाद होईल; तो होऊ द्यावा.

आणि मंडळीत अंथरुणाला खिळलेले माणूस ज्या घरी आहे, त्या घराचे नाव येत्या रविवारी उपासनेनंतर काढावे. बुधवारी दुपारी तेथे दोन तास कोण बसणार, हे उठण्यापूर्वी ठरवून घ्यावे. जाणाऱ्याने घरातल्या बाईला बाहेर जाऊ द्यावे किंवा झोपू द्यावे, आणि आपल्यासाठी चहा ठेवू देऊ नये.