नामानिराळा

आमच्या रत्नागिरीत अढीत घातलेला हापूस पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो. माणूस तो बहुधा खनिज तेलापासून करतो. पण कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तापल्या लोखंडावर एकत्र आणूनही करता येतो. तिथे लोखंड उत्प्रेरक. उत्प्रेरक दुसऱ्यांना जुळवतो, स्वतः बदलत नाही, असे आम्ही शाळेत पाठ केले होते. मला तो आदर्शच वाटे. दोघा चुलतभावांच्या कलमबागेचा तंटा मी याच तोऱ्यात मिटवला आणि स्वतःला नामानिराळा समजलो.

लोखंडाची खरी हकीकत निराळी आहे. कामाला लागताच ते कार्बन शोषून कार्बाइड होते, आणि ते कार्बाइडच पुढचे काम करते. हळूहळू त्यावर काजळीही साचते. २०१२ साली उट्रेख्टच्या संशोधकांनी अशा लोखंडात सोडियम आणि गंधक यांचा अंश मिसळला, तेव्हा हे हलके वायू अधिक मिळाले. निखळपणाचा तिथे काही उपयोग नव्हता.

मग मध्यस्थाचा धर्म कोणता? न बदलणे नव्हे. आपण बदललो हे न लपवणे. निवाड्याच्या वेळी माझे मन थोरल्याकडे झुकले होते. या दिवाळीत धाकट्याच्या ओटीवर बसून ते सांगणार आहे.