पापाचे वांटेकरी

एखादें कृत्य अनेकांच्या हातून घडलें म्हणजे त्याचा दोषहि अनेकांत वांटला जातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पैशाच्या बाबतींत ती खरी आहे. दोषाच्या बाबतींत ती कितपत टिकते, हें बांधकामावरील अपघातांतून उत्पन्न होणाऱ्या दाव्यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

एक इमारत उभी राहात आहे अशी कल्पना करा. मुख्य कंत्राटदार एक, परांची बांधणारा पोटकंत्राटदार दुसरा, गिलाव्याचें काम घेणारा तिसरा. परांची बांधणाऱ्यानें कठडा लावलेला नाहीं. माल वर ओढतांना अडचण होते म्हणून गिलाव्याच्या मुकादमानें मधली एक फळी काढली आणि परत बसविली नाहीं. मुख्य कंत्राटदाराचा माणूस रोज तेथून जातो, पण त्याचें सारें लक्ष काम पुरें करण्याच्या तारखेकडे. एके दिवशीं एक मजूर तेथून खालीं पडतो व जन्माचा अधू होतो. फळी जागेवर असती तर तो पडला नसता. कठडा असता तरी पडला नसता. देखरेख करणाऱ्यानें वेळींच काम थांबविलें असतें तरीहि नाहीं. म्हणजे हा अपघात प्रत्येकाला एकट्यानें टाळतां आला असता. जी गोष्ट सबंध टाळणें आपल्या हातीं होतें, तिचा केवळ तिसरा हिस्सा आपल्याकडे येतो, असें म्हणण्याचा अधिकार यांपैकीं कोणाला आहे ?

इंग्लंडच्या न्यायालयानें अशा प्रश्नाला एके काळीं विलक्षण उत्तर दिलें होतें. १७९९ सालच्या मेरीवेदर विरुद्ध निक्सन या खटल्यांत एका गिरणीच्या नुकसानीबद्दलची ८४० पौंडांची सारी रक्कम एकट्या मेरीवेदरकडून वसूल झाली होती. त्यानें निक्सनकडे निम्मी मागितली, ती लॉर्ड केन्यन यांनीं नाकारली. अपराध्यांनीं आपसांतला हिशेब घेऊन न्यायासनापुढें येऊं नये, असा त्या निकालाचा अर्थ पुढें लावला गेला. नियम कठोर, आणि अन्यायाचाहि. कारण वादी ज्याला धरील तो भरडला जाई व दुसरा मोकळा सुटे. १९३५ च्या कायद्यानें तो बदलला, आणि १९७८ च्या कायद्यानें प्रत्येकाच्या जबाबदारीचें मान पाहून न्याय्य हिस्सा ठरविण्यास सांगितलें. मात्र जखमी मनुष्यापुढें प्रत्येक अपराधी सबंध रकमेचा देणेकरी, हें तत्त्व तेथें सुटलें नाहीं. आपल्याकडील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचें बारावें कलमहि याच शहाणपणाचें होतें. काम मालकाच्या नेहमींच्या धंद्यापैकीं असेल, तर कंत्राटदाराच्या मजुरालाहि भरपाई मालकाकडे मागतां येई. मालकानें ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. आधीं मजूर, मग भांडण.

कायद्यानें साधलेलें हें इष्ट करारपत्रें मात्र हळूच काढून घेतात. अपघात झाल्यास वरच्याला कसलीहि तोशीस लागूं देणार नाहीं, त्याची स्वतःची हयगय असली तरीहि नाहीं, असें खालच्याकडून आधींच लिहून घेतलें जातें. वाल्या कोळ्याच्या बायकोमुलांनीं मिळकतीचा वांटा घेतला व पापाचा नाकारला. (नफ्याला लूट म्हणण्याचा माझा हेतु नाहीं.) पण त्यांनीं तें तोंडावर सांगितलें, आणि तें ऐकून वाल्या जागा झाला. येथें वरचा मनुष्य पाप घडण्यापूर्वींच तें दुसऱ्याच्या नांवावर चढवून निश्चिंत होतो. दोन सज्ञान माणसांनीं पैसे कोणीं भरावे हें आधीं ठरविलें तर बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. बिघडतें तें हें, कीं कामाची मुदत व दर ठरविणारा तोच, आणि निघालेल्या फळीकडे पाहण्याचें कारण नाहींसें झालें तेंहि त्याचेंच. न्यूयॉर्कच्या कायद्यानें बांधकामाच्या करारांत स्वतःच्या हयगयीचा भार असा दुसऱ्यावर टाकणारें कलम निरर्थक ठरविलें आहे, तें मला योग्य वाटतें.

शेवटीं बहुधा तडजोड होते. मजुराला रक्कम मिळते, आणि विमा कंपन्या व कंत्राटदार आपल्या हिश्श्यांसाठीं पुढें भांडत राहतात. चाळीस कीं पस्तीस, हा वाद वर्षानुवर्षें चालूं शकतो. त्या तडजोडपत्रांत एक वाक्य सहसा असतेंच : ही रक्कम कोणताहि दोष मान्य न करितां दिली आहे. पैसे सर्वांनीं भरले, दोष कोणाचाच नाहीं ! व्यवहाराच्या दृष्टीनें हें समजण्यासारखें आहे. कबुली हा पुरावा होतो, आणि म्हणून वकील गप्प राहण्याचा सल्ला देतो. परंतु इंग्लंडांत २००६ च्या कायद्यानें, क्षमायाचना केली म्हणजे तेवढ्यानेंच हयगयीची कबुली होत नाहीं, असें स्पष्ट सांगून टाकलें. तेथील कंत्राटदाराला ही सबब आतां उरलेली नाहीं. त्या मजुराच्या घरीं जाऊन दोन शब्द न बोलण्याचें कारण त्याला दुसरें शोधावें लागेल.