पडस, लागतं, शे

हातातलं काम बाजूला ठेवा. खांदे सैल सोडा. आज जे केल्याशिवाय सुटका नाही, त्यातलं एकच काम मनापुढे आणा.

आता ते अहिराणीत म्हणा. धुळे-अमळनेरकडचा शेतकरी रात्रीच्या विजेवर कपाशीला पाणी द्यायला निघतो, तेव्हा म्हणतो, ‘माले रातले पानी भराले जानं पडस.’ पडस, म्हणजे पडतं. गुजरातीतही ‘जवुं पडे’. भाषातज्ज्ञ ग्रियर्सनने 1907 साली खानदेशीला, म्हणजे अहिराणीलाच, भिल्ली बोलींच्या खंडात गुजरातीशेजारी बसवलं. त्या वर्गवारीवर आक्षेप आहेत, पण या क्रियापदापुरता शेजार खरा आहे.

‘माले’, म्हणजे ‘मला’, या शब्दावर थोडं थांबा. इथे ‘मी’ नाही. काम वरून येतं आणि अंगावर पडतं. तुमच्या मनातलं काम असंच पडलेलं आहे का? छातीत, मानेत, कुठे त्याचं वजन जाणवतं? उत्तर लगेच देऊ नका.

हीच सक्ती सांगताना जर्मन माणूस ‘इश मुस’ म्हणतो, ‘मी’ला कर्ता ठेवून. या क्रियापदाचा जुना अर्थ जागा मिळणं, वाव असणं असा होता. सक्तीच्या शब्दाखाली कधीकाळी मोकळीक होती, हे मला फार मोलाचं वाटतं. कर्तव्य सांगणारं दुसरं जर्मन क्रियापद ‘झॉलेन’. त्याचा जुना अर्थ देणेकरी असणं.

मराठीही तिथवर पोचली आहे. ‘मला करावं लागतं’ आणि ‘मी तुमचं देणं लागतो’. क्रियापद एकच, पण दुसऱ्या वाक्यात ‘मी’ उभा राहतो. हे दुसरं वाक्य सावकाश, मनाशी म्हणा. ‘तुमचं’च्या जागी एक माणूस आठवा, आई, भाऊ, शेजारी, कुणीही. त्यांचा चेहरा दिसू द्या. मग काम पुन्हा पाहा.

हाच प्रश्न एकदा तुरुंगातही उभा राहिला. 1932 च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलू लागले. साने गुरुजी लिहून घेत होते. पहिल्याच प्रवचनात स्वधर्माचा विचार आहे. आत बसलेल्यांचं उठणं, जेवणं, दळणं सगळं दुसऱ्याच्या हुकमाने चाललेलं, आणि त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला होता आपल्या स्वतःच्या कर्तव्याचा. लादलेलं कोणतं आणि आपलं कोणतं, हे निवडायला याहून अवघड जागा मिळाली नसती.

अहिराणीत अजून एक वाट आहे: ‘माले जानं शे.’ मला जायचं आहे. ‘माले’ तेच, पण पडणं गेलं. आज झोपण्याआधी आपलं काम एकदा ‘पडस’ने म्हणा, एकदा ‘शे’ने. ‘शे’ मनापासून म्हणवलं नाही, तर ‘पडस’च म्हणा. ते काम खरोखर लादलेलं असेल, आणि ते कुणी लादलं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.