धाव अपुरी, सेवा पुरी

कॅनडातल्या टेरी फॉक्सचा उजवा पाय कर्करोगाने गेला होता. १९८० साली कृत्रिम पायावर तो देश धावून पार करायला निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी मागणं एवढंच, माणशी एक डॉलर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. रोग फुप्फुसात शिरला, वाटेतच थांबावं लागलं. तरी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत माणशी एक डॉलर भरेल इतका निधी जमला!

धाव अपुरी राहिली. देणाऱ्यांनी सेवा पुरी केली.

म्हणून मदतनिधीसाठी आपण पदयात्रेला निघतो तेव्हा किती चाललो, फोटोत पुढे कोण, हे मोजत बसू नये. ज्यांना चालवत नाही त्या आजी-आजोबांनी घरबसल्या रोज एक रुपया बाजूला काढावा. तेही आपल्यासोबतच चालले.

श्रीगुरुचरणी अर्पण.