वयाची उंची

वय मोजण्याचे दोन मार्ग आपल्यात रूढ आहेत. एक जन्मतारखेचा आणि दुसरा डोळ्यांचा. व्यवहारात आपण बहुधा दुसऱ्याचाच अवलंब करतो. मुलास मिसरूड फुटले, त्याचा आवाज फुटला, मुलीस पदर आला, की वडीलधाऱ्यांची बोलण्याची तऱ्हा आपोआप पालटते. शरीराची ही वर्दी ज्याच्या बाबतीत उशिरा येते, त्याचे काय?

आईकडून एच.आय.व्ही.चा संसर्ग घेऊन जन्मास आलेल्या मुलांच्या संबंधात हा प्रश्न मला पडला. गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी अथवा स्तनपानातून हा विषाणू बालकाकडे जातो. उपचारांवाचून अशी निम्मीअधिक बालके दुसरा वाढदिवसही पाहत नसत. २००४ साली आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे मिळू लागली, आणि जी मुले जगतील असे कोणास वाटत नव्हते, ती तारुण्याच्या उंबरठ्याशी येऊन उभी राहिली. परंतु वाढीसाठी असलेली शक्ती ज्या शरीराने वारंवारच्या आजारांशी झुंजण्यात वेचली, त्याची उंची खुंटते व यौवनही मागे पडते. औषध अगदी लहानपणी सुरू झाले, तर हे अंतर पुष्कळ भरून निघते. उशीर झाला, तर वजन सावरते, उंची मात्र सहसा मागेच राहते.

माझ्या परिचयाच्या एक आजी आपल्या आईवेगळ्या नातवाचा सांभाळ करतात. मुलगा पंधरा वर्षांचा; दिसतो अकराचा. रोजची गोळी कशाची, असे त्याने विचारले, की त्या "शक्तीची" म्हणून सांगतात. मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, पोर अजून एवढंसं दिसतं, त्याला काय सांगू? आणि सांगितलं, तर तो आपल्या आईला काय म्हणेल?"

यातील पहिला प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. शरीर लहान राहिले म्हणून मन लहान राहत नाही. वर्गमित्रांच्या खांद्याला आपले डोके लागते, हे त्या मुलाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? शाळेच्या वयातील मुलांना त्यांच्या आजाराची कल्पना द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सुचविले आहे. आपल्या संसदेच्या २०१७ च्या कायद्यात तर एक विलक्षण कलम आहे. या रोगाची झळ लागलेल्या घराचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले बारा वर्षांवरील मूल आपल्या अज्ञान भावंडाचे पालक होऊ शकते! कायदा ज्या वयास पालकत्व देऊ धजतो, त्या वयास आपण स्वतःच्या गोळीचे नाव सांगत नाही. शिवाय कारण न कळता घेतलेले औषध याच वयात टाकले जाते, आणि खंड पडला, की ते निष्प्रभ होण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, मूल बाहेर बोलून बसेल. ही भीती खोटी नाही. या नावापायी मुलांना शाळांची दारे बंद झालेली आपण पाहिली आहेत. तथापि, त्याचा दोष शाळेच्या पदरी घालावयाचा, की मुलाच्या अज्ञानाने त्याची भरपाई करावयाची?

दुसरा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे. मुलाचे सत्य हे आईचेही सत्य असते, आणि ती आता आपली बाजू सांगावयास नाही. मृताची लाज राखणे हा आपल्याकडे धर्म मानला जातो, व मी तो हलका लेखत नाही. पण पुष्कळ स्त्रियांना हा रोग लग्नाच्या नवऱ्याकडूनच मिळाला. तेथे लाज कोणाची? शिवाय सांगावयाचे सत्यही आता पूर्वीचे उरलेले नाही. नेमाने औषध घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू मोजणीच्या खाली गेला, त्याच्याकडून जोडीदारास संसर्ग होत नाही. त्यास लग्न करता येते, निरोगी संततीही होते. यौवन उशिरा का होईना येणारच. ते येण्यापूर्वी हे त्याच्या कानी पडावयास नको काय?

आजींपुढे मी एवढे व्याख्यान दिले नाही. पोराने पुन्हा विचारले तर "शक्तीची" असेच सांगणार का, इतकेच विचारले. त्या बराच वेळ पदराशी चाळा करीत बसल्या. मग म्हणाल्या, "परवा त्याच्या वहीत पाहिलं. डबीवरचं नाव त्यानं उतरून घेतलंय."