शपथ आईची, शिवीही आईचीच

राहायला मी बेळगावच्या अनगोळात, आणि उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी लेथवरच्या पोराचे सहा जॉब रिजेक्ट गेले. बोअर ओव्हरसाइज झाला होता. "आईशप्पथ मालक, माप बघूनच कापलोय," तो म्हणाला. मी त्याच्या आईवरूनच शिवी हासडली. मशीनं चालू होती, तरी ती सगळ्यांनी ऐकली. पोराने व्हर्निअर खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "चूक माझी हाय. आईला का मदी आणतासा?"

आदल्याच दिवशी याच तोंडाने मी प्रभुभोजन घेतलं होतं.

ख्रिस्ती घरांत शिवीबद्दल सहसा एवढंच शिकवतात, की घाण शब्द तोंडात आणू नये. शिकवण चांगली आहे, पण अपुरी आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू खुनाविषयी बोलता बोलता शिवीकडे वळतो आणि उदाहरण देतो ते 'राका' या शब्दाचं. हा अरमाईक शब्द. अर्थ साधारण 'रिकाम्या डोक्याचा'. आपल्या कानांना ती शिवीसुद्धा वाटणार नाही. तरी येशूने ती खुनाच्याच वाटेवर ठेवली, कारण समोरचा माणूस कुणीच नाही असं आधी मनात ठरतं, हात नंतर उठतो. मला वाटतं, शिवीचं पाप शब्दाच्या घाणीवर मोजू नये; त्या शब्दाने माणूस किती पुसला गेला, यावर मोजावं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. येशूनेच परुश्यांना सापाची पिल्लं म्हटलं, हेरोदाला कोल्हा म्हटलं. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना स्वतःच्या जुन्या मोठेपणासाठी चक्क उकिरड्यावरचा शब्द वापरला. मग त्यांचं काय? ते शब्द कुणावर पडले ते पाहावं. येशूचे कठोर शब्द गेले ते सत्ता आणि मान असलेल्यांवर, त्यांच्या करणीसाठी; पौलाचा गेला स्वतःच्याच गर्वावर. पगारासाठी माझ्यावर अवलंबून असलेल्या पोरावर आणि त्या शॉपमध्ये नसलेल्या बाईवर माझा शब्द पडला. हातोडा बोटावर बसल्यावर तोंडातून जे निघतं, त्याची देवाच्या दारी फार झडती होत असेल असं मला वाटत नाही. या शिवीची होईल.

त्याच प्रवचनात पुढे येशू शपथेवर येतो. स्वर्गाची, पृथ्वीची, स्वतःच्या मस्तकाचीही शपथ वाहू नका. तुमचं हो ते हो आणि नाही ते नाही असू द्या. आपल्याकडे देवाशप्पथ, गळ्याशप्पथ, आईशप्पथ दिवसातून दहा वेळा होते आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. पण त्या सोमवारी मला शपथ आणि शिवी शेजारी शेजारी दिसल्या. त्याने आईला साक्षीला बोलावलं, कारण त्याच्या नुसत्या शब्दाला माझ्या लेखी किंमत नव्हती. मी तिला धुळीत ओढलं, कारण त्याची माझ्या लेखी किंमत नव्हती. शपथ दुबळ्याला घ्यावी लागते, शिवी बलवानाला परवडते. दोन्ही उगवतात अविश्वासाच्या एकाच जमिनीत. आणि हे घडलं अनगोळच्या माणसाकडून, जिथल्या हरिमंदिरात कलावती आईंचे भक्त 'आई' हा शब्द हात जोडून उच्चारतात.

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. मला या गावाचा आदर वाटतो. बाईची विटंबना ही बोलण्याची सवय म्हणून चालवून घेणार नाही, असं एका गावाने उघड सांगितलं. पण दंड तोंडाला बसतो. याकोब आपल्या पत्रात विचारतो, एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी येईल का? त्याचं बोट झऱ्याकडे आहे.

आणि झरा गढूळ असला, तर गोड बोलण्यातूनही शिवी येते. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२०मध्ये सुरू झालं. दोनशे वर्षं उलटली, तरी आमच्यात सोयरीक जमवताना अजून अगदी मऊ आवाजात विचारलं जातं, "ते मूळचे कोण?" या प्रश्नात एकही घाण शब्द नाही. पण बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आलेल्या माणसाला तो परत जातीत बुडवतो. माझ्या मते आजचा 'राका' हाच. अनुसूचित जाती-जमातींतल्या माणसाचा जातीवरून चारचौघांत केलेला अपमान १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला. दिवाणखान्यातल्या या प्रश्नाला कोणताही कायदा पुरत नाही. तिथे फक्त सदसद्विवेकाचा पहारा.

'राका'च्या लगेच पुढे येशू उपायही सांगतो. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पुढच्या रविवारी दानाची थैली माझ्यासमोर आली तेव्हा मी ती तशीच पुढे सरकवली. सोमवारी मशीनं बंद करायला लावली आणि त्या पोराची माफी मागितली. शिवी सगळ्यांसमोर दिली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर.

मग जॉब नीट पाहिले. व्हर्निअरच माप कमी दाखवत होता. पोराने माप खरंच घेतलं होतं.

आता तो जॉब हातात देतो आणि म्हणतो, "बरोबर हाय." शपथ घेत नाही. मीही ती घ्यायला लावत नाही.