दगडाला झिजवतो दगडच

नदीतला गुळगुळीत गोटा हातात घेतला की आपण पाण्याच्या चिकाटीचं कौतुक करतो. मला ते अपुरं वाटतं. पाणी दगडांना ढकलतं, लोळवतं. झिजवतात ते मुख्यतः दगडच एकमेकांना. डोंगराळ नदीला पूर आला की गढूळ पाण्याखालून गडगडाट ऐकू येतो, तो या कामाचाच.

या कामाला क्रम आहे. डोंगरातून तुटलेल्या दगडाला टोकदार कोपरे असतात. टक्कर बहुधा त्यांवरच बसते, म्हणून आधी कोपरे जातात. या टप्प्यात दगड गोलसर होतो, पण त्याची लांबी-रुंदी फारशी घटत नाही. कोपरे संपल्यावर मग तो खऱ्या अर्थानं लहान होऊ लागतो. गोलाईत झिजेचा असा हिशेब शिल्लक राहतो, हे मला विलक्षण वाटतं. ‘क्युरिऑसिटी’ यानाला २०१२ मध्ये मंगळावर गोलसर गोटे दिसले. संशोधकांनी केवळ त्यांच्या कडांच्या वळणावरून ताडलं, की त्यांचा सुमारे पाचवा हिस्सा झिजला असावा आणि ते अंदाजे ५० किलोमीटर वाहत आले असावेत. नदी कधीच आटली आहे. तिची लांबी दगडांनी सांगितली.

पुढच्या घटीचा नियम हर्मन स्टर्नबर्ग या अभियंत्यानं १८७५ मध्ये ऱ्हाईन नदीच्या अभ्यासातून मांडला. दगडाचं वजन जेवढं, त्या प्रमाणात त्याची वाटेत घट. मोठा दगड भराभर झिजतो. तो हलका झाला की टक्करही हलकी होते. अर्थात खालच्या अंगाला गोटे बारीक दिसतात ते केवळ झिजेमुळे नव्हे. उतार कमी झाला की नदी जड दगड मागंच टाकते आणि हलके तेवढे पुढं नेते.

झिजलेलं वाया जात नाही, वाळू आणि गाळ होऊन काठांना मिळतं. फक्त वरून नवे दगड येत राहिले पाहिजेत, आणि तिथंच आपण आडवे आलो आहोत. धरणात किती टीएमसी पाणी साठलं हे आपण पावसाळाभर वाचतो. मागं अडकलेल्या दगडगोट्यांबद्दल कोणी विचारत नाही. दगडांविना सुटलेलं पाणी खालचं पात्रच खरवडू लागतं. स्टर्नबर्गच्याच ऱ्हाईनवर, इफेत्सहाइमच्या बंधाऱ्याखाली, १९७८ पासून गोटे आणि रेती जहाजांनी आणून नदीत ओतावी लागते.